किराण्याची वही

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणाले होते. माझं पहिली ते दहावी शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझी परिस्थिती अजूनही बिकट आहे. कविता मला जमत नाही. ‘मैत्री’ आणि ‘पाऊस’ हे दोन विषय दरवर्षीप्रमाणे आधीच बुक झालेले. मग विचार केला की इंजिनिअरिंगला आल्यापासून आपण खरोखर कामाला येईल असं काय शिकलो? तर उत्तर आलं, घरच्या किराण्याचा हिशोब. तेच लिहिते. शुद्धलेखन पोटात घाला.

शाळेत आम्ही ‘ग्रोसरी’ म्हणायचो, मराठीच्या पुस्तकात ‘वाणसामान’ होतं, आणि केजला आमच्या घरी दोन्हीपैकी एकही शब्द कोणी वापरत नाही. आई म्हणते किराणा. आजी म्हणते मीठ-मिरची, मग त्यात साबण आणि अगरबत्ती असली तरी!

सुरुवात झाली ती सेकंड इयरच्या शेवटी. इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या तासाला सरांनी स्टोअर्सचं प्रकरण घेतलं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये हजारो वस्तू असतात. सगळ्यांवर सारखं लक्ष ठेवायला गेलं तर कशावरच राहत नाही. म्हणून वस्तू पैशाप्रमाणे तीन गटात लावायच्या. थोड्याच वस्तू पण खर्चाचा मोठा वाटा, तो ‘ए’ गट. मधला ‘बी’. आणि नग भरपूर पण पैसा किरकोळ, तो ‘सी’. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डिकी नावाच्या माणसाने ही पद्धत १९५१ साली लेख लिहून मांडली. दहा मार्कांचा प्रश्न हमखास येतो म्हणून मी पाठ केला, पेपरात लिहिला आणि जूनमध्ये सुट्टीला घरी गेले.

घरी त्याच दिवशी आई आणि पप्पांचं वाजलं होतं. कारण नेहमीचंच, दुकानाचं खातं. ज्यांच्या घरी खातं नाही त्यांच्यासाठी सांगते. गल्लीतल्या दुकानातून महिनाभर लागेल तसं सामान आणायचं, दुकानदार काका त्यांच्या वहीत लिहितात, आणि पगार झाला की पप्पा एकरकमी देतात. त्या महिन्याचा आकडा होता ५,६०० च्या वर. पप्पा म्हणत होते, “चार माणसांत एवढं लागतं कुठं?” आई म्हणत होती, “मग तुम्हीच आणत जा.” दोघांपैकी कोणाकडेच पुरावा नव्हता. मी म्हटलं, मी महिनाभर लिहिते. आजीने विचारलं, “काय लिहायलीस गं एवढं?” मी म्हटलं, प्रोजेक्ट आहे.

एक लांब वही घेतली. तारीख, वस्तू, वजन, पैसे असे चार रकाने. एक नियम केला, सामान पिशवीतून बाहेर काढायच्या आधी लिहायचं. (नंतर लिहू म्हटलं की राहतंच. पहिल्या आठवड्यात दोनदा राहिलं.) दूध, भाजी आणि गॅस यात धरले नाहीत. महिनाअखेर बेरीज ५,६२० रुपये, वेगवेगळ्या वस्तू ३९. मग मी सरांनी शिकवल्याप्रमाणे मोठ्या आकड्यापासून लहान आकड्याकडे लावून काढल्या.

वर आल्या आठ वस्तू. ज्वारी २० किलो, ७६० रुपये. तेल पाच पिशव्या, ७२५. तूरडाळ साडेतीन किलो, ४५५. शेंगदाणे तीन किलो, ३९०. चहापत्ती पाव किलोचे तीन पुडे, ३६०. गहू १० किलो, ३२०. तांदूळ पाच किलो, २४०. साखर पाच किलो, २२०. एकूण ३,४७०, म्हणजे खर्चाचा जवळपास ६२ टक्के भाग फक्त या आठांत. पुस्तकात लिहिलं होतं तसंच निघालं, याचा मला फारच आनंद झाला. आईला अजिबात झाला नाही. ती म्हणाली, “ज्वारी न् तेलाला पैसे लागतात हे सांगायला इंजिनिअरिंगला घातलं का तुला?”

पण खाली एक गंमत होती. ‘सी’ गटात पाच-पाच, दहा-दहा रुपयांच्या नोंदी एवढ्या होत्या की त्यांनी वहीची पानंच्या पानं भरली होती. बिस्किटाचा पुडा, कुरकुरीत पाकिटं, नूडल्स, सॉसची पुडी, चॉकलेट. एकेक नोंद बघितली तर काहीच नाही. सगळ्या एकत्र केल्या तर १,०४० रुपये! ज्वारीपेक्षा जास्त. दिवसाला सरासरी साडेतीन पुड्या. म्हणजे भांडण ज्या तेला-डाळीवरून चाललं होतं तिथे पैसे जात होते हे खरं, पण न दिसता जात होते ते दुसरीकडेच.

हे फक्त आमच्या घरचं असेल असं मला वाटलं होतं. मग हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीबद्दल वाचलं. २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला, त्यातला ४७ टक्के खाण्यापिण्यावर. धान्यावर फक्त पाच टक्क्यांच्या आसपास, आणि पेयं, तयार पदार्थ, बाहेरचं खाणं या सदराखाली जवळपास दहा टक्के. दुप्पट! यात रेशनवर फुकट मिळणारं धान्य धरलेलं नाही, त्यामुळे धान्याचा आकडा थोडा लहान दिसतो, आणि दुसऱ्या सदरात हॉटेलचं जेवणही आहे हे मान्य. तरी पण. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ सालीच सांगून ठेवलंय की घराचं उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला खाण्याचा वाटा मोठा. त्याच्या काळी तो वाटा पाव-भाकरीचा होता. आता त्यात रंगीत पाकिटंही आहेत.

पुड्यांवर आम्ही बंदी घातली नाही. माझा भाऊ आठवीत आहे, बंदी घातली असती तर त्याने बाहेर खाल्लं असतं आणि ते वहीतही आलं नसतं. आईने एक डबा ठरवला. महिन्याच्या सुरुवातीला त्यात ५०० रुपयांचं काय भरायचं ते भाऊच ठरवणार, संपलं की संपलं. पाहुण्यांची बिस्किटंही त्यातच. पहिल्या महिन्यात डबा सतरा तारखेला रिकामा झाला. दुसऱ्या महिन्यात साहेबांनी स्वतःच मोठे पुडे आणायला सुरुवात केली, कारण त्यात जास्त येतं हे त्याच्या लक्षात आलं. तिसऱ्या महिन्यापासून शेवटच्या आठवड्यात आजी लाडू करते.

आता मोठा पुडा नेहमी स्वस्त असतो का? तर नाही, आणि इथेच मोजायला शिकावं लागतं. २०२२ पासून बऱ्याच पाकीटबंद वस्तूंवर एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात ‘प्रति ग्रॅम’ किंवा ‘प्रति किलो’ किंमत छापलेली असते. आम्ही सगळे फक्त एमआरपी बघायचो. दोन पुड्यांची तुलना करायची असेल तर बघायचा आकडा तो बारीक अक्षरातला. छोट्या पुडीवर तो नसला तर मोबाईल काढून भागाकार करायचा, लाजायचं नाही. शॅम्पूच्या बाबतीत मला धक्काच बसला. एक-दोन रुपयांच्या पुड्या मिलीलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त निघाल्या! चहाच्या बाबतीत उलट. पाच-दहा रुपयांच्या पाकिटात तर किंमत तीच राहते आणि आतले ग्रॅम कमी-जास्त होतात. २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटं, साबण, टूथपेस्ट यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला तेव्हा काही कंपन्यांनी दहाची पुडी दहालाच ठेवून आतला माल वाढवला. म्हणजे पुडीवरचा दहाचा आकडा आपल्याला काहीच सांगत नाही. जीएसटीवरून आठवलं, पाकीटबंद ब्रँडच्या पिठावर ५ टक्के कर आहे, सुट्या धान्यावर नाही. गहू आणून गिरणीतून दळून आणायचे कष्ट आमच्याकडे भावाच्या वाट्याला आहेत, त्याची त्याने इथे तक्रार नोंदवायला सांगितली आहे.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. खरा प्रश्न निघाला तो खात्याचा.

ऑगस्टमध्ये मी आमची आठ वस्तूंची यादी घेऊन मोंढ्यात गेले आणि रोखीचे भाव लिहून आणले. गल्लीतल्या दुकानात ३,४७० ला पडणारं सामान मोंढ्यात रोखीने ३,१२० ला. फरक ३५० रुपये. मी उत्साहात लगेच व्याज काढलं. ३,१२० रुपयांचा माल महिनाभर उधार, त्यावर ३५० जास्त, म्हणजे महिन्याला शेकडा ११ रुपये. गावात कोणी शेकडा पाचने पैसे काढले म्हटलं तर आपण चपापतो, आणि इथे आपण स्वतः अकराने देतोय! मी पप्पांना म्हटलं, हे दुकान आपल्याला लुटतंय.

पप्पा काही बोलले नाहीत. आई बोलली. मी बारावीला असताना पप्पांचा पगार सलग पाच महिने थकला होता. मला एवढं माहीत होतं की घरात जरा तंगी आहे. बाकीचं त्या दिवशी कळलं. आईने ब्लाऊज शिवून जमेल तेवढं देत देत सुद्धा दुकानाचं खातं २३,००० वर गेलं होतं. त्या पाच महिन्यांत दुकानदार काकांनी एकदाही सामान द्यायचं थांबवलं नाही आणि गल्लीत कोणाजवळ शब्द काढला नाही. माझी परीक्षा होती म्हणून मला कळू दिलं नाही इतकंच. “मोंढ्यातला शेठ दिला असता का तुला पाच महिने उधार?” आईने विचारलं. मला उत्तर नव्हतं.

म्हणजे ते ३५० रुपये नुसतं व्याज नाही. त्यात थोडा विम्याचा हप्ताही आहे, आणि जे लोक कधीच पैसे देत नाहीत त्यांच्या बुडालेल्या उधारीचा वाटाही. हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. पण मग म्हणून कायम शेकडा अकराने खात राहायचं का? विमा हवा तर तो सगळ्या सामानावर कशाला?

आमच्या जिल्ह्यात या गोष्टीचं मोठं रूप सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आजीचं माहेर धारूर तालुक्यातलं. दसरा-दिवाळीनंतर तिकडची कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ते उन्हाळ्याच्या तोंडालाच परत. राज्यात सगळ्यात जास्त ऊसतोड कामगार बीड जिल्ह्यातून जातात हे आपण अभिमानाने सांगावं अशी गोष्ट नाही, पण खरी आहे. आपल्या वर्गात, आपल्या हॉस्टेलमध्येही अशा घरांतली मुलं आहेत. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि नंतर तोडलेल्या टनांवर ती फेडायची. उचलीचे पैसे बहुतेक वेळा जाण्याआधीच संपलेले असतात, पावसाळ्यातली उधारी, दवाखाना, लग्न यात. मग फडावर रोजचा किराणा कशावर चालतो? बरीच घरं ज्वारी-बाजरीचं पोतं गावाहूनच सोबत नेतात. आणि उसाचं वाढं चारा म्हणून विकून जे सुटे पैसे हातात येतात त्यावर आठवड्याचा बाजार होतो. २०२० पासून रेशनकार्डावर दुसऱ्या गावीही धान्य उचलता येतं, ज्यांना माहीत आहे ते उचलतात.

आजीच्या एका भाचीने मला जे सांगितलं ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. तिचं म्हणणं असं की घरून नेलेलं पोतं संपेपर्यंत माणूस निवांत असतो, ते संपलं की मुकादमाकडं हात पसरावा लागतो आणि मग उचल फिटता फिटत नाही. आमचं गल्लीतलं खातं ही पण एक छोटी उचलच. अजून न मिळालेल्या पगारातून आज खाणं. फरक एवढाच की आमची महिन्याची आणि त्यांची सहा महिन्यांची, आणि आम्हाला ती फेडायला उसाच्या फडात उभं राहावं लागत नाही.

तर उचलीतून बाहेर पडायचं कसं? अडचण अशी की पगार आला की तो मागच्या महिन्याच्या खात्यात जातो. रोखीने घ्यायला हातात काही उरतच नाही. एकदम बाहेर पडायचं तर एकाच पगारात दोन महिन्यांचा किराणा भागवावा लागतो, ते कोणाला शक्य आहे? मग मी आणि पप्पांनी एका रविवारी बसून कागदावर मांडलं. एकदम नाही, एकेक वस्तू.

किराण्यासाठी महिन्याला ५,६२० बाजूला निघतात, ते तसेच काढायचे. पुड्यांचा डबा केल्यामुळे १,०४० चे ५०० झाले, म्हणजे खातं ५४० ने कमी आलं. हे ५४० खर्च करायचे नाहीत. ते घेऊन मोंढ्यात जायचं आणि रोखीने साखर आणि चहा आणायचा. आता पुढच्या महिन्याच्या खात्यात साखर-चहा नाही, शिवाय ५४० रोख दिले की खात्यावरचं ६०० चं सामान कमी होतं. म्हणून पुढच्या वेळी हातात ५४० नाही तर १,१४० उरतात. त्यात शेंगदाणे आणि तांदळाची भर. त्याच्या पुढच्या महिन्यात १,८०० च्या आसपास, मग २,५५०, आणि पाचव्या महिन्यात ३,३७०. म्हणजे पाचव्या महिन्यात आठही वस्तू रोखीने! चक्रवाढ व्याज आपल्या विरुद्ध कसं चालतं ते सगळेच सांगतात, आपल्या बाजूने चालताना मी पहिल्यांदा पाहिलं. सुरुवात मात्र कमी दाट वस्तूंपासून करायची, म्हणजे ज्या हातातल्या पैशात पूर्ण महिन्याच्या येतात त्या. अर्धं तेल रोख आणि अर्धं खात्यावर असं केलं की हिशोब फिसकटतो.

कागदावर पाच महिने होते. प्रत्यक्षात आठ लागले. दिवाळीत फराळाचं सामान, आत्या आली, आणि आम्ही सरळ दोन पायऱ्या खाली घसरलो. नोव्हेंबरमध्ये पुन्हा फक्त साखर आणि चहा. आई म्हणाली जाऊ दे आता, पण पप्पांनी सोडलं नाही, आणि हे विशेष, कारण तोपर्यंत ते वहीला ‘पोरीचं खूळ’ म्हणायचे. फेब्रुवारीत आठही वस्तू रोखीवर आल्या. पुड्यांचे ५४० आणि मोंढ्याचे ३५० मिळून महिन्याला ८९० रुपये वाचायला लागले. गल्लीतलं खातं आम्ही बंद केलेलं नाही. साबण, मसाले, पोहे, रवा, डबा, असं १,६०० च्या आसपास अजूनही तिथूनच येतं, आणि पगाराच्या दिवशीच पैसे जातात. काकांना पप्पांनी आधीच जाऊन सांगितलं होतं की धान्य-तेल मोंढ्यातून आणणार आहे. ते म्हणाले, माझ्याकडंच रोख देत असाल तर साखर मी त्याच भावात देतो. आधी विचारलं असतं तर!

रोख हातात आल्यावर दुसरं दार उघडतं ते बेगमीचं. हा शब्द मला फार आवडतो. वर्षाचं धान्य सुगीतच भरून ठेवणं म्हणजे बेगमी. आजीच्या लहानपणी हे सगळेच करायचे, घरात कणगी असायची. आपल्याकडे तूर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येते, रब्बीची ज्वारी मार्चच्या आसपास, गहू एप्रिलपर्यंत, आणि तिखट-हळद उन्हाळ्यात. नवीन माल आला की भाव उतरलेले असतात, आणि माल बघून, दातानं फोडून घेता येतो. आम्ही या वर्षी मामाच्या शेजाऱ्याकडून ७५ रुपये किलोने ५० किलो तूर घेतली. इथे एक चूक टाळा. तूर ७५ आणि डाळ १३० म्हणून ५५ रुपये वाचले असं नाही. तुरीची डाळ करताना साल आणि चुणी जाते, शंभर किलो तुरीला डाळ सत्तर-पंचाहत्तर किलोच पडते. ७५ ला ०.७० ने भागलं की १०७ होतात. गिरणीची मजुरी धरून आम्हाला डाळ ११६ ला पडली. म्हणजे किलोला १४ रुपये, आणि चुणी शेजारच्यांच्या म्हशीला गेली.

कारखान्यासाठी एकदम किती माल घ्यावा याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ सालीच काढलंय, तेही आपल्याला परीक्षेला आहे. ऑर्डर देण्याचा खर्च एका बाजूला, माल सांभाळण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. घरात सांभाळण्याचा खर्च म्हणजे किडे. ज्वारी कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून, गार झाल्यावर, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून आजीने भरली. मी घाईत गरम गहू भरत होते तर तिने हातातून पाटीच काढून घेतली. गरम धान्य भरलं की आत घाम धरतं. हॅरिस साहेबांच्या सूत्रात आजीसाठी चिन्ह नाही. ज्यांच्या घरी कोरडी जागा नाही आणि गच्चीवर ऊन नाही त्यांनी दोन महिन्यांच्या वर भरू नये, असं माझं मत.

आणि आता माझी फजिती. तेलाचा मोठा डबा घ्यायची कल्पना माझी होती. दुकानात दोन डबे होते, एक २,०१० चा आणि एक २,१६० चा, दोन्हींवर ‘१५’. मी अर्थातच स्वस्त डब्याकडे बोट केलं. पैसे देताना बघितलं तर त्यावर १५ लिटर आणि दुसऱ्यावर १५ किलो! तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटर फक्त १३ किलो ६५० ग्रॅम भरतं. भाव काढला तर स्वस्त डबा किलोला १४७ आणि महाग डबा १४४. डेन्सिटी आपण अकरावीपासून शिकतोय आणि दुकानात उभं राहिल्यावर मला आठवली नाही. शेवटी १५ किलोचा घेतला. त्यात साडेसोळा लिटर बसतं, म्हणजे लिटरला १३१, पिशवी १४५ ची. मी वहीत ‘लिटरमागे १४ रुपये बचत’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

महिन्याला पाच लिटरच्या हिशोबाने डबा तीन महिने आणि वर आठ-दहा दिवस पुरायला हवा होता. अडीच महिन्यात संपला! घरात भरलेला डबा दिसला की हात सैल सुटतो. भजी दर रविवारी, आणि पळी बुडवून घातलेली फोडणी. २,१६० ला अडीचने भागलं तर महिन्याला ८६४ रुपये, आणि पिशव्या आणत होतो तेव्हा ७२५. म्हणजे स्वस्त तेल महिन्याला १३९ रुपयांनी महाग पडलं. हे मी वहीत लिहायचं टाळणार होते, पण पप्पांनी आठवणीने लिहायला लावलं.

यावरचा उपाय आईचा. महिन्याच्या एक तारखेला डब्यातून पाच लिटरच्या कॅनमध्ये तेल काढायचं, डब्याचं तोंड बांधून तो पलंगाखाली सरकवायचा, आणि पुढच्या एक तारखेपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही. कॅन पंचवीस तारखेला संपला तर पाच दिवस उकडलेली भाजी. बेगमी कितीही करा, वापर महिन्याच्या मापातच हवा.

आमच्या हॉस्टेलच्या रूममध्येही आता वही आहे. आम्ही चौघी मिळून चहा, साखर, पोहे, मॅगी, शेंगदाण्याची चटणी वगैरे आणतो. पहिल्या महिन्यात कळलं की चौघींपैकी एकीच्या वाट्याला दर वेळी साखर आणणं येत होतं आणि एकीच्या वाट्याला फक्त मीठ. कोणाच्या ते लिहीत नाही, ती हा अंक नक्की वाचणार आहे. आता महिन्याला माणशी १५० रुपये एका डबीत. वहीचे दोन नियम इथेही तेच, पिशवी उघडायच्या आधी लिहायचं आणि महिनाअखेर मोठ्या आकड्यावरून खाली लावायचं. गेल्या महिन्यात आमचा ‘ए’ गट निघाला मॅगी, ज्याची आम्हाला थोडी लाज वाटली. मग दोन दिवस पोहे केले, आणि तिसऱ्या दिवशी इंटर्नल होती म्हणून पुन्हा मॅगी.

घरी दुसरा तेलाचा डबा एक तारखेला आणलाय, १५ किलोचाच. आईने झाकणावर सुतळीची गाठ मारून ठेवली आहे आणि गाठ कशी आहे ते फक्त तिलाच माहीत आहे. भाऊ फोनवर म्हणाला, आजीला पण माहीत आहे. सुट्टीला गेले की मी पहिल्यांदा डबा काट्यावर ठेवणार आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी